तेवीस बिंदूंचा मासा

मित्रांनो, संगणकाच्या जगात दहा वर्षं जगलं की पणजोबा म्हणायला हरकत नसते. त्या मानाने मी एक बराच जुना मासा आहे. मला सतरावं वर्ष लागलंय. पण मला पाण्यात शोधू नका. मला खवले नाहीत, काटे नाहीत आणि माझा वासही येत नाही. चित्रं करायच्या एका प्रोग्रॅममध्ये स्वतः तयार केलेले आकार ठेवायला एक खण असतो. त्या खणात मी राहतो. तेवीस बिंदू आणि त्यांना जोडणारी वळणदार रेघ, एवढाच माझा देह. मला स्वतःचा रंगही नाही. तुम्ही जो भराल तो माझा. याचं पूर्वी मला फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही, उलट मी मान ताठ करून फिरतो. माशाला मान नसते हे मला माहीत आहे, तरीही.

मला घडवलं ताईने. तिच्या कचेरीत सगळे तिला ताईच म्हणतात. कचेरी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर टेबलावरची पेनं थरथरतात. ताईचे बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. एकदा एका पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर मासे काढायचे होते म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा एक साचा कापला होता. तो साचा ताईने जपून ठेवला, स्कॅन केला आणि त्याच्या कडेने एकेक बिंदू ठेवत मला उभं केलं. तोंडाला चार बिंदू, पाठीला तीन, पोटाला पाच. शेपटीपाशी मात्र ती अर्धा तास अडली होती.

बाबा मागे चहाचा कप घेऊन उभे होते.

"पोट सुटलंय गं त्याचं," ते म्हणाले.

"बाबा, साचा तुमचाच आहे."

"माझ्या साच्यात नव्हतं. तूच चारलंयस त्याला काहीतरी."

मग त्यांनी ताईचे हात उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवली. "एक डाग नाही. हे कसलं रंगकाम!" असं बोलले खरे, पण जाता जाता माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. मी तेव्हाच ओळखलं, की माणूस तोंडाने फटकळ असला तरी आतून मऊ आहे.

आणि मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. काय दिवस होते ते! मी साबणाच्या वेष्टनावर पोहलो, लहान मुलांच्या दातांच्या ब्रशवर पोहलो, पोहण्याच्या वर्गाच्या प्रमाणपत्रांवर तर शेकड्याने पोहलो. तुम्हाला मॉकअप माहीत आहे ना? वस्तू खरीखुरी तयार करण्याआधी ती कशी दिसेल हे फोटोवर चढवून गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्याला मॉकअप म्हणतात. त्यात माझ्यासारख्याची खरी चैन. माझ्या नावाशेजारच्या छोट्या चौकोनावर दोनदा टिचकी मारली, की रंगांची पेटी उघडते. त्यातला रंग निवडला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत मी नवा. पुसायला नको, सुकायला नको. एका साबणवाल्याने एका दुपारी मला एकतीस रंग लावायला लावले. "जरा थंड करा," "जरा हसरा करा," "नको, जरा घरगुती करा." बत्तिसाव्या वेळी ताईने गपचूप पहिलाच रंग परत दाखवला. "हाच तर मी मघापासून सांगत होतो," असं म्हणत साबणवाला खूश होऊन उठला. ताईने दार लागेपर्यंत हसू दाबून ठेवलं होतं.

माझी आणखी एक खुबी सांगतो. फोटोतला मासा मोठा करायला जा, त्याच्या कडा उसवतात. मला नखाएवढा करा नाहीतर मोटारीएवढा, माझी कड सुरीसारखी. सामान वाहणाऱ्या एका टेम्पोच्या अख्ख्या पाठीवर मी बसलो होतो आणि तेवढा वाढूनही माझी एक रेघ हलली नव्हती.

पण दिवस सगळ्यांचे फिरतात, माझेही फिरले. हजारो आयते आकार मिळू लागले. सडपातळ मासे, हसणारे मासे, टोपी घातलेले मासे. मी खणात खाली खाली सरकत गेलो. शेवटी एक छत्री आणि एक अर्धा चंद्र यांच्यामध्ये जाऊन पडलो. दोघंही तोंड उघडत नसत. संगणक बदलले तेव्हा ताईने मला पेनड्राइव्हमध्ये घालून नव्या संगणकावर आणलं, म्हणून मी उरलो. पुढे कचेरीत एक नवे चित्रकार आले. दुसरीकडे बारा वर्षं काम करून आलेले, मिशा पिकायला लागलेल्या. "झटपट करतो" हे त्यांचं आवडतं वाक्य, म्हणून त्यांचं नाव झटपटराव पडलं. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "ताई, हा जाड्या मासा कशाला अडवून ठेवलाय? काढून टाकू?"

"हात लावू नका," ताई म्हणाली. एवढ्यावर मी पुढची तीन वर्षं काढली.

मग डोळ्यांच्या रुग्णालयाचं काम आलं. तिथल्या मेट्रनबाई स्वतः कचेरीचा जिना चढून आल्या. आवाज असा, की खालचं हवेचं यंत्र ऐकू येईना. "माझे पेशंट वाट चुकतात हो. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर. बोर्ड वाचणार कसे? जमिनीवर जुन्या लाल-हिरव्या पट्ट्या आहेत, पण त्यांनीही भागत नाही. परवा एक आजोबा तपासणीला म्हणून निघाले ते थेट ऑपरेशनच्या दारात जाऊन चहा मागत बसले!" त्यांना असं काहीतरी हवं होतं, जे वाचावं लागणार नाही. ताईने विचार केला आणि खणाच्या तळाशी येऊन मला उचललं. जमिनीवर माशांची रांग, तोंडं पुढच्या दिशेने. माशामागून चालत जायचं, बस्स. शस्त्रक्रियेकडे लाल मासे आणि तपासणीकडे हिरवे. रुग्णालयाच्या लांबलचक वाटांचे अकरा फोटो काढले आणि प्रत्येक फोटोवर मला असं बेमालूम बसवलं, की फरशीचे सांधेसुद्धा माझ्या अंगातून दिसावेत. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! छत्री आणि चंद्र बघतच राहिले.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना मात्र दुसऱ्या एका कंपनीचे आयते बाण पसंत होते. ते लवकर मिळणार होते. मासे की बाण, हे एका बैठकीत ठरायचं होतं. त्यांना ताईने मॉकअप आदल्या दिवशीच पाठवले होते. बैठकीच्या दिवशी सकाळी तिने तेच छापून घरी टेबलावर पसरले. छापलेल्या कागदावर असलो म्हणजे तिथेही मीच असतो, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं आहे.

बाबा न्याहारीला आले. कागद बघून म्हणाले, "छान झालंय. पण दोन्ही वाटांना एकच रंग का दिलास? माणूस चुकेल ना."

"एकच कुठे? हा लाल, हा हिरवा."

बाबांचा कप हवेतच थांबला. "हो का? चष्मा लावला नाही मी."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

ताईने तो पाहिला. ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि वाट बघत राहिली. मग बाबांनी हळूहळू सांगितलं. लहानपणी शाळेत त्यांनी झाडाला लाल पानं काढली होती. सगळा वर्ग खो खो हसला, मास्तरही हसले. लाल आणि हिरवा यांत त्यांना फरक दिसतच नव्हता. पण अक्षर मोत्यासारखं होतं, कुंचला हातात बसला होता, म्हणून पुढे पाट्याच रंगवायला लागले. डब्यावर रंगाचं नाव वाचायचे आणि लावायचे. दोन रंग मिसळायचे असले, की ताईची आई शेजारी उभी राहून सांगायची. चाळीस वर्षं त्या दोघांखेरीज कुणालाही कळलं नव्हतं.

"रंगाऱ्यालाच रंग कळत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? कुणाला बोलू नकोस, बाळ."

"नाही बोलणार," ताई म्हणाली. मग ती एकदम उठली. "बाबा, कपडे बदला. कचेरीत चला. मला तुमचे डोळे हवेत."

"माझे? बिघडलेले?"

"तेच. त्या रुग्णालयात तुमच्यासारखे किती जण येत असतील आणि सगळे चष्मा विसरल्याचं सांगत असतील. त्यांना मी वाट कशी दाखवणार?"

नऊ वाजता कचेरी उघडली. बैठक तीनला होती. रंगच तर बदलायचा, तो माझ्या डाव्या कल्ल्याचा मळ, म्हणून मी निर्धास्त होतो. ताईने फाईल उघडली आणि माझ्यावर टिचकी मारली. मी हललो नाही. मला हलताच येईना! फरशी, भिंत, दार, खिडकी आणि मी, सगळ्यांचा मिळून एकच गठ्ठा झाला होता.

"ताई, फाईल फार जड झाली होती," झटपटराव अभिमानाने म्हणाले. "सगळे थर एकत्र करून सपाट करून टाकली. आता बघा कशी झटपट उघडते."

"आणि मूळ फाईल?"

"ती... त्याच नावाने..." झटपटरावांचा चेहरा उतरला. सपाट केलेलं चित्र त्यांनी मूळ फाईलवरच साठवलं होतं. अकराच्या अकरा.

मित्रांनो, आमच्या जगात यापेक्षा मोठी चूक नाही. सपाट झालेला आकार हा आकार उरत नाही, तो नुसता डाग होतो. झटपटरावांनी घाईघाईने प्रोग्रॅममधली रंगाची बादली माझ्यावर ओतून पाहिली. पोट निळं झालं, पण कडेने सगळीकडे लाल किनार उरली आणि फरशीचे सांधे बुजून गेले. मी अगदी ओंगळ दिसत होतो. मला लाज वाटली.

"लांबून कळणार नाही," झटपटराव पुटपुटले.

"डोळ्यांच्या रुग्णालयात दाखवायचंय, झटपटराव," ताई म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "फोटो कॅमेऱ्यात आहेत ना? मग पुन्हा बसवू. मासा माझ्याकडे आहे."

आणि तिने खण उघडला. छत्री आणि चंद्र यांच्या शेजारी मी होतो. तेवीसच्या तेवीस बिंदूंसकट, जिवंत! ज्याला काढून टाकायचं चाललं होतं त्या जाड्या माशाला आता झटपटराव डोळ्यांत पाणी आणून बघत होते. असा विजय मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि अजून तर सकाळच होती.

ताईने बाबांना पडद्यासमोर बसवलं. "आज रंग बाबा निवडणार आहेत," एवढंच सांगितलं. रिकाम्या फरशीवर आम्ही दोन मासे शेजारी शेजारी उभे राहिलो. टिचकी. "केशरी आणि पोपटी?"

"सारखेच."

"जांभळा आणि निळा?"

"सारखेच."

"गुलाबी आणि राखाडी?"

"अं... नाही, सारखेच."

रंगामागून रंग माझ्या अंगावरून जात होते. बाबा सुरुवातीला चाचरत होते. मग त्यांचा आवाज मोकळा होत गेला. इतकी वर्षं त्या डोळ्यांना नुसतं लपवून ठेवलं होतं, आज पहिल्यांदा त्यांना कोणी कामाला लावलं होतं.

"पिवळा आणि निळा?"

"थांब!" बाबा उठले. दारापर्यंत गेले, जिन्यापर्यंत गेले, तिथून ओरडले, "इथूनही वेगळे दिसतात!" मग चष्मा काढून चार पायऱ्या उतरले. "चष्म्याशिवायसुद्धा!" खालचे टायरवाले वर मान करून बघायला लागले. झटपटरावांना एव्हाना सगळं समजलं होतं. त्यांनी बाबांची खुर्ची नीट पुढे सरकवून ठेवली आणि कामाला बसले. पाच तासांत ताईने आणि त्यांनी अकराही मॉकअप पुन्हा उभे केले. त्या पाच तासांत "झटपट" हा शब्द एकदाही ऐकू आला नाही.

तीन वाजता रुग्णालयाच्या बैठकीच्या खोलीत मी भिंतीवर झळकलो. सकाळच्या त्या लाल-हिरव्या कागदांची गुंडाळी घेऊन बाबाही आले होते आणि मागच्या खुर्चीत बसले होते. व्यवस्थापकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"काल पाठवलेलं लाल-हिरवं चांगलं होतं की. हे निळं-पिवळं मध्येच कुठून आलं?"

"काही जणांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही," ताई म्हणाली.

"असे असतात किती? मी तरी एकही पाहिलेला नाही. आणि दर दिवशी रंग बदलणार असाल तर ते बाणच बरे."

एका वाक्यात ताई त्यांचं तोंड बंद करू शकली असती. पण तिने शब्द दिला होता. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. आपण परत छत्रीशेजारी.

तेवढ्यात मागची खुर्ची सरकली.

"साहेब, नसेल पाहिला तर आत्ता बघून घ्या," बाबा उभे राहून म्हणाले. "मला दिसत नाही. मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. तुमच्या जुन्या इमारतीवरची पाटीसुद्धा मीच रंगवली. अक्षरं लाल आहेत म्हणे. मला काय, डब्यावर तसं लिहिलं होतं."

मेट्रनबाई उठल्या. बाबांच्या हातातून गुंडाळी घेतली, त्यातले लाल-हिरवे दोन कागद काढले आणि समोर धरले. "बाबा, हे दोन?"

"एकच मासा, दोनदा."

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आणि हे?"

"हा एक, तो दुसरा. आंधळ्यालाही कळेल, मला का नाही कळणार?"

मेट्रनबाई व्यवस्थापकांकडे वळल्या. "हिरव्या पट्टीच्या मागून जा, असं त्या चहावाल्या आजोबांना मी स्वतः सांगितलं होतं. वर रागावलेही त्यांच्यावर. ऐकत नाहीत, म्हटलं." मग त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "आपण डोळ्यांचं रुग्णालय चालवतो, आणि हे आपल्याला पाट्या रंगवणाऱ्याने सांगायचं! बाण राहू देत. मासे लावा." मग ताईला म्हणाल्या, "तो पिवळा तेवढा आणखी भडक होईल का? किती दिवस लागतील?"

"दिवस?" ताई हसली. तिने त्या छोट्या चौकोनावर दोनदा टिचकी मारली.

भिंतीवरचे सगळे पिवळे मासे एकाच क्षणी उजळले. एकाच्याही कडेला जुनी किनार नाही, फरशीचा एकही सांधा बुजलेला नाही.

"अगं बाई!" मेट्रनबाई म्हणाल्या. "परत करून दाखवा बघू." ताईने तीनदा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी व्यवस्थापकसुद्धा पुढे वाकून बघत होते.

मित्रांनो, मी जिंकलो! उगाच विनय कशाला? पुढच्याच महिन्यात मी त्या रुग्णालयाच्या जमिनीवर उतरलो. हातभर लांब, एकशे चौदा मासे, तपासणीकडे निळे आणि शस्त्रक्रियेकडे पिवळे. चिकटपट्टीचा कागद कापणारं यंत्र माझ्याच तेवीस बिंदूंवरून फिरलं. पहिला मासा बाबांनी स्वतः चिकटवला. झटपटराव गुडघ्यांवर बसून फडक्याने एकेक बुडबुडा काढत होते, अगदी सावकाश. आता रोज माझ्या पाठीवरून शेकडो पावलं जातात, आणि त्या ऑपरेशनच्या दारात चहा मागायला कोणी येत नाही.

गेल्या आठवड्यात बाबा आले होते, तपासणीला. ताई सोबत येते म्हणाली होती, पण त्यांनी तिला येऊ दिलं नाही. दारातल्या मदतनिसाने हात पुढे केला, तोही घेतला नाही. खाली मान घालून ते माझ्या मागून चालत राहिले. पहिलं वळण, दुसरं वळण, मग तो लांब बोळ. तपासणीच्या दारात मेट्रनबाई उभ्या होत्या.

"एकटेच आलात? कोणत्या माशाने आणलं?"

"निळ्या," बाबा म्हणाले. मग स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणाले, "निळा आहे तो." कुणी न सांगता त्यांनी रंगाचं नाव घेतलं होतं, आणि ते बरोबर होतं. त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. मेट्रनबाईंनी औषध घालायला जरा उशीर लावला.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने आकार तुमच्याकडेही असतील. त्यांना जिवंत ठेवा, घाईने सपाट करू नका, मूळ फाईल जपा. पण माझं खरं मागणं याहून मोठं आहे. कुठल्याही कामाला रंग देण्याआधी शेजारच्या माणसाला एकदा विचारा, "तुला यात काय दिसतं?" तो जे सांगेल ते नीट ऐकून घ्या. आणि वर्गात कुणी झाडाला लाल पानं काढली, तर कृपा करून हसू नका.